गाडीमागचा माणूस

मोठ्या कंपनीत ट्रकवर लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला पुढे जायला कुणी शिकवलं नाही. पुढे जाणं सगळ्यांना येतं असं तिथे धरूनच चालतात. शिकवतात ते मागे यायला.

त्याआधी मी दादरच्या फुलबाजारातून टेम्पो चालवत होतो. टेम्पोत मान वळवली की मागचं निम्मं जग दिसतं, उरलेलं निम्मं ओरडून बाजूला होतं. ट्रकची गोष्ट वेगळी. पाठीमागे बंद पत्र्याची खोली असते. डावीकडच्या आरशात एक पट्टी दिसते, उजवीकडच्या आरशात एक पट्टी, आणि मधे काय आहे ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी बघावं लागतं. हे डोळे आजवर क्लीनरचे होते. क्लीनर खाली उतरायचा, गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहायचा आणि पत्र्यावर तळहाताने थापा मारायचा. हलक्या, सारख्या थापा म्हणजे येऊ दे. एकच जोरदार थाप म्हणजे थांब. ड्रायव्हर आरशात बघायचा, पण ऐकायचा तळहाताचं.

आमच्या कंपनीच्या गाड्या देशभर जातात. मुंबईतला तिचा डेपो कॉटन ग्रीनला, गोदीच्या बाजूला आहे. मी लागायच्या थोडं आधी कंपनीने शहरातल्या फेऱ्यांवरचे सगळे क्लीनर कमी केले आणि प्रत्येक गाडीला मागे कॅमेरा बसवला. ड्रायव्हरसमोर छोटा पडदा, त्यात हिरव्या आणि पिवळ्या रेघा. प्रशिक्षणाच्या खोलीत याचं एक रंगीत पोस्टर होतं. त्यात एक हसणारा ड्रायव्हर पडद्याकडे बोट दाखवत होता आणि खाली लिहिलं होतं की आता आपण अधिक सुरक्षित आहोत. 'आपण' म्हणजे कोण, ते लिहिलेलं नव्हतं.

मला असल्या वाक्यांची चीड लहानपणापासून आहे. माझे वडील लालबागच्या एका लहान छापखान्यात कामाला होते. संपाची, भाडेवाढीची, रेशनची, पुढे चाळींच्या पुनर्विकासाची पत्रकं तिथे छापली जायची. वाया गेलेले कागद बाबा घरी आणायचे, कारण त्यांची पाठ कोरी असायची. मी त्या पाठीवर गणितं करायचो, आणि गणिताचा कंटाळा आला की कागद उलटा करून पुढची बाजू वाचायचो. 'जाहीर निषेध' हे शब्द मला शाळेत जोडाक्षरं शिकवायच्या आधीपासून लिहिता येत होते. असं वाढलेलं पोर मोठं झालं की कुठलंही पोस्टर वाचताना पहिला प्रश्न विचारतं: हे कोणी छापलं, आणि कोणाच्या सोयीसाठी?

पण छापखाना बंद पडला होता, बाबा घरी होते आणि मला नोकरी हवी होती. म्हणून मी पोस्टरखाली बसून सगळं ऐकलं आणि सगळ्यावर मान डोलावली.

मला शिकवायला ज्यांच्या गाडीवर दिलं त्यांना डेपोत सगळे बुवा म्हणत. लालबागच्या चाळीत भजनी मंडळ होतं, त्यात ते पेटी घेऊन गायला बसत, म्हणून बुवा. वजनदार माणूस. केबिनमध्ये चढताना दर वेळी गुडघ्याला एक शिवी देत. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला तर त्यांनी विचारलं,

"खंयचो?"

"परळचा."

"ता नाय रे. गाव खंयचा?"

मी गावाचं नाव सांगितलं. कोकणातलं ते गाव मी मे महिन्याच्या सुट्टीपुरतंच पाहिलेलं.

"मगे आमचोच तू. बस. आणि त्या पडद्याकडे बघू नको, मान दुखता."

दोन-तीन आठवडे आम्ही बरोबर फिरलो. परळच्या एका मोठ्या दुकानाला फ्रिज, दादरला कागदाची रिळं, गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी उभं राहून हातगाड्यांवर माल उतरवणं. जिथे जिथे गाडी मागे घ्यायची तिथे तिथे बुवा गुडघ्याला शिवी देऊन उतरत आणि स्वतः पत्र्यावर थापा मारत. त्यांचं काम नव्हतं ते. शिकवणाऱ्याने केबिनमध्ये बसून पडद्यातल्या रेघा समजावून द्यायच्या, असं कंपनीने सांगितलं होतं. बुवांना त्या रेघा बहुतेक स्वतःलाच समजल्या नव्हत्या.

डेपोचं एक जुनं गोदाम दोन रस्ते पलीकडे एका गल्लीत आहे. गल्ली अरुंद, आत गाडी फिरवायला जागा नाही, त्यामुळे ट्रक उलटाच न्यावा लागतो. मधे एक वळण आहे. एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला ओळीने खोल्या. पूर्वी गोदामांत कामाला असलेल्यांची ही कुटुंबं. म्हातारे कधीच गेले, नातवंडं आता कुठे कुठे नोकरी करतात. खोल्यांवर पत्रा आहे, दुपारी आत भट्टी होते, म्हणून अर्धी गल्ली बाहेर राहते. पाण्याची पिंपं, स्कूटरी, वाळत घातलेली बोंबलांची सुपं, खाटा. आणि जड गाड्यांना शहरात दिवसा सोडतात ते नेमकं दुपारीच. म्हणजे गल्ली ज्या वेळी झोपते त्याच वेळी ट्रक तिच्यात पाठ करून शिरतो.

त्या गल्लीत मी पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा पडदा स्वच्छ दिसत होता. हिरव्या रेघांच्या मधे मोकळा रस्ता. बुवा मागे थापा मारत होते, पण पडदा इतका स्पष्ट होता की मी त्याच्याकडेच बघत होतो. वळणावर मी चाक मारलं आणि एक थाप अशी पडली की केबिन हादरली. मी ब्रेक दाबला.

खाली उतरून मागे गेलो. वळताना ट्रकचा मागचा कोपरा बाहेर फेकला जातो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो कोपरा एका खाटेच्या वर येऊन थांबला होता. खाटेवर एक माणूस डोळ्यांवर रुमाल टाकून झोपलेला. रात्रपाळीचा वॉचमन होता, हे पुढे कळलं. त्याच्या चपला खाटेशेजारी जोडीने ठेवलेल्या. त्यातली एक आमच्या चाकाखाली.

"कॅमेऱ्यात हे नव्हतं," मी म्हटलं.

"नसतलाच," बुवा म्हणाले. "तो सरळ बघता. गाडी खंय सरळ जाता?"

त्यांनी मला गाडी वीतभर पुढे घ्यायला लावली, चप्पल काढली, झटकली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली. मग माझ्याकडे बघून हसले. "उठलो नाय ता बरा झाला. शिव्ये घालून आपल्या दोघांची आवस काढल्यान असती."

माणूस कूस बदलून परत घोरायला लागला. आम्ही गाडी आत घातली, माल उतरवला, निघालो. काही झालं नव्हतं. न झालेल्या गोष्टीची कुठे नोंद होत नाही, पण त्या दिवसापासून मी पडद्याकडे बघायचं सोडलं.

मुद्दा असा होता की माझं शिकणं दसऱ्याला संपणार होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला याच गल्लीत एकट्याने गाडी घालून दाखवायची होती. बुवा नसणार, मागे कुणी नसणार, आणि डेपोचे मॅनेजर ऑफिसात बसून माझा पडदा त्यांच्या पडद्यावर बघणार. जमलं तर नोकरी पक्की. नाही म्हटलं तर घरी. मला नोकरी हवी होती आणि त्या गल्लीत आंधळ्यासारखं मागे जायचं नव्हतं. दोन्ही एकदम मिळायची सोय नव्हती.

मी मॅनेजरना भेटलो. दादरचे गृहस्थ, चाळिशीचे, सभ्य. ड्रायव्हर आला तर आधी बस म्हणणारे. मी वळणाचं सांगितलं, खाटेचं सांगितलं, मागे कोण झोपतं, कोण खेळतं ते सांगितलं.

"शंका आली तर उतरून बघायचं," ते म्हणाले. "नियमातच आहे. उतरा, बघा, चढा."

"उतरून, बघून, परत चढेपर्यंत कुणी येऊन बसलं तर?"

"तर परत उतर."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"सर, पूर्वी याच गल्लीला क्लीनर होता."

"पूर्वी खूप काय काय होतं रे. हे वरून आलंय. माझ्या हातात असतं तर मी दिला असता माणूस."

वरून आलंय, हे वाक्य मी आमच्या घरातल्या कागदांवर शेकडो वेळा वाचलेलं आहे. ते म्हणणाऱ्याच्या वर नेहमीच कुणीतरी असतं आणि खाली नेहमीच कुणीतरी झोपलेलं असतं. मी घरी गेलो आणि पत्रक लिहायला बसलो.

पत्रक लिहिणं मला अवघड नाही. मथळा, दोन परिच्छेद वस्तुस्थिती, एक परिच्छेद संताप, मग मागण्या. मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. विषयाबद्दल काहीच बोलले नाहीत.

"मागण्यांचा क्रम चुकलाय," ते म्हणाले. "आधी माणूस कोणी काढला ते विचार. मग गल्लीत काय आहे ते. मग माणूस परत द्या. शेवटी, देणाऱ्याचे आभार मानू, असं एक वाक्य टाक."

"आभार कशाला?"

"माघार घेणाऱ्याला दार लागतं. कुठे छापणार?"

"झेरॉक्स काढीन."

त्यांनी तोंड वाकडं केलं आणि चष्मा काढला.

डेपोच्या गेटाबाहेर चहाची टपरी आहे, ड्रायव्हर तिथे थांबतात. मी पत्रक तिथे फिरवलं. साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर होता, त्याने मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबला.

"आरं, ह्यात 'अमानुष' तीनदा हाय. एकदा म्हटलं तरी कळतंय की."

"चौथ्यांदा पाठीमागं हाय का बघ," दुसरा कुणीतरी म्हणाला.

उत्तर प्रदेशातला एक जण, बरीच वर्षं मुंबईत असलेला, म्हणाला, "भाई, मेरे को पढ़ के सुना. बोलता मैं मराठी, पढ़ने का नहीं जमता." मी वाचून दाखवलं. तो अगदी मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एकदम बरोबर आहे. खाली नाव कुणाचं टाकणार?"

"सगळ्यांचं. 'समस्त चालक'."

"समस्तमध्ये मला नको धरू हां, भाई. माझी मुलगी बारावीला आहे."

सगळे हसले. हसले, पण एकानेही पत्रक खोटं आहे असं म्हटलं नाही. प्रत्येकाच्या मनात एकेक गल्ली होती. कुणाची भायखळ्याची, कुणाची शिवडीची. साताऱ्याच्या ड्रायव्हरने तर पिंपामागे लपलेली मांजर आणि तिच्या मागे धावलेलं पोर यांची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तो हसत नव्हता. पण लिहिलेल्या कागदाखाली उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मला त्यांचा राग आला. आता विचार केला तरी थोडा येतोच.

बुवांनी केबिनमध्ये बसून ओठ हलवत सगळं वाचलं.

"बरा लिवलंस. पण ह्या वाचतलो कोण?"

"ड्रायव्हर वाचतील. मॅनेजर वाचतील."

"मॅनेजर वाचतलो आणि तुका घरी धाडतलो. मगे त्या गल्लीत दुसरो कोणतरी जातलो, तुझ्यासारखोच नवीन. खाटयेवरच्याक काय फरक पडलो?"

"म्हणजे गप्प बसायचं?"

"गप बस म्हणून खंय सांगितलंय? बोलूच्यो तऱ्हा असतत. ह्या हंय दी."

त्यांनी पत्रक घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. मी परत मागितलं तर म्हणाले, हरवलं. खिशातून त्याचा कोपरा बाहेर दिसत होता.

दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा असते. त्या दिवशी कंपनीला आपण ड्रायव्हर लोकांवर प्रेम करतो असं वाटतं. गाड्या धुतल्या जातात, झेंडूच्या माळा चढतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. ऑफिसातल्या मुलींनी गेटाशी रांगोळी काढली होती. मॅनेजर सदरा घालून आले होते. पहिल्या गाडीसमोर पाट, त्यावर नारळ, आणि पांढरी टोपी घातलेले बुवा. दर वर्षी गाऱ्हाणं तेच घालत.

कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून एकाने मोठ्याने आपलं म्हणणं मांडायचं, काय हवं, काय टोचतंय, काय चुकलं असेल ते सगळं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणायचं. जो नुसता उभा आहे त्यानेही म्हणायचं. एकट्याचं म्हणणं त्यामुळे सगळ्यांचं होतं.

मी म्हणत नाही. देवाधर्माचं माझं मत पक्कं आहे आणि ते सणापुरतं बाजूला ठेवायची मला सवय नाही. मी मागच्या रांगेत हात मागे बांधून उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा!" बुवांनी सुरुवात केली. भजनाचा आवाज, डेपोच्या पत्र्यावर आपटून परत येणारा.

"होय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां गाडये धुवन, फुला घालून तुझ्यासमोर उभी आसत..."

"होय म्हाराजा!"

"जो घाटात गेलो त्याका घाट उतरवन घरी हाड, जो रातीचो जागता त्याच्या डोळ्यार झोप येवक दिव नको..."

"होय म्हाराजा!" उत्तर प्रदेशवाला सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे, पण जोरात. मॅनेजर सगळ्यांच्या पुढे, हात जोडून, डोळे मिटून. त्यांचा आवाज चांगला होता. ऑफिसातली एक मुलगी फोनवर सगळं टिपत होती.

टायर, ब्रेक, टोलनाके, पोलीस, घरची माणसं, असं सगळं झालं. लोकांना लय सापडली होती. बुवांनी श्वास घेतला आणि त्याच सुरात पुढे म्हणाले,

"आणि म्हाराजा, गाडयेच्या मागसून जो माणूस काढून घेतलो, तो कोणाच्या हुकमान काढलो ता तुका ठावक, आमका ठावक नाय..."

"होय म्हाराजा!"

"गल्लयेत मागे कोण झोपता, कोण खेळता, ता त्या काचेक दिसणा नाय..."

"होय म्हाराजा!"

"त्या गाडयेमागे परत माणूस उभो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण ह्या करीत, त्याच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझं पत्रक होतं ते. बाबांनी लावून दिलेल्या क्रमाने. अमानुष हा शब्द तेवढा तिन्ही ठिकाणचा गाळला होता. अख्खा डेपो, समस्तमध्ये धरू नको म्हणणारा धरून, त्याला होय म्हणत होता, आणि सगळ्यांच्या पुढे, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने, मॅनेजर. तोंड बंद ठेवलेला तिथे मी एकटाच होतो.

नारळ फुटला. पेढे वाटायला सुरुवात झाली. मॅनेजर पेढ्याचं ताट घेऊन साताऱ्याच्या ड्रायव्हरपाशी आले तेव्हा त्याने पेढा घेतला आणि साध्या आवाजात विचारलं,

"मग सायेब, कवापासनं?"

"काय कधीपासून?"

"मानूस. गाडीमागचा. आत्ता होय म्हाराजा म्हटलंसा की."

आधी दोघं-तिघं हसले, मग सगळेच. मॅनेजर लाल झाले. "अहो, ते गाऱ्हाणं होतं."

"व्हय तर," बुवा टोपी काढत म्हणाले. "गाऱ्हाणाच होता. म्हणानच इचारता तो."

"बुवा, हे देवाला म्हणतात."

"देवाकच सांगितलंय मी, सायबानु. मधी होय तुम्ही म्हटलात."

मॅनेजरनी त्या मुलीला बाजूला घेऊन व्हिडिओ कुठे पाठवू नकोस म्हणून सांगितलं. तिने कधीच पाठवला होता, कंपनीच्या मोठ्या ग्रुपवर, वरच्या ऑफिसातले सगळे त्यात आहेत. मालवणी त्यांच्यापैकी कुणाला कळत नसावी. वरून उत्तर म्हणून, जोडलेल्या हातांची आणि झेंडूच्या फुलांची भरपूर चित्रं आली.

मी बुवांना गाठलं. म्हटलं, निदान सांगायचं तरी.

"सांगितलं असतंय तर तू आणि एक 'अमानुष' घातलं असतंस," ते म्हणाले. "आणि तुझ्या पत्रकाचो माका पुळको नाय हां. तुझ्यामागसून दुसरो येतलो शिकूक, त्याच्यामागसून तिसरो. किती जणांसाठी उतरू? माझो गुडघो गेलो मेल्या."

दुसऱ्या दिवशी, माझ्या परीक्षेच्या आधी, मॅनेजरनी मला ऑफिसात बोलावलं. बस म्हणाले. मी बसलो.

"हे तुझं काम."

"गाऱ्हाणं बुवांनी घातलं."

"मजकूर तुझा. मागे कोण झोपतं, कोण खेळतं, हे तू याच खुर्चीत बसून मला सांगितलंयस." ते थोडा वेळ फोन उलटसुलट करत राहिले. "माझी आई सावंतवाडीकडची. काल घरी मी हे गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी होय म्हणून आलास आणि माणूस दिला नाहीस?"

त्यांनी फोनचा पडदा माझ्याकडे वळवला.

"तू मात्र होय म्हणाला नाहीस," ते म्हणाले. "व्हिडिओत दिसतंय. सगळ्यांची तोंडं हलतायत, तुझं नाही."

"मी मानत नाही देव."

"म्हणजे सगळ्यांनी होय म्हटलं, आणि ज्याला माणूस हवा होता तोच गप्प."

"मला तो नियम म्हणून हवा आहे, सर. तुम्ही आईचं ऐकलंत म्हणून नको, देवाला शब्द दिलात म्हणून नको. गाडी मागे घेताना मागे माणूस पाहिजे, कारण मागे माणसं असतात. लेखी, सगळ्या गाड्यांना. उद्या तुमची बदली झाली तर देव काय नव्या मॅनेजरला समजावणार आहे?"

"लेखी वरून येतं. वरून येणार नाही, मी आत्ताच सांगतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्याकडे लोडिंगचे हमाल आहेत. त्यातला एक मी त्या गल्लीच्या फेऱ्यांना देऊ शकतो. तेवढ्या एका गल्लीला, आजच्या तुझ्या परीक्षेपासून. कुणी विचारलं तर मी सांगीन माल उतरवायला दिलाय. हे असं चालेल की नाही, ते तू सांग."

काचेपलीकडे माझी गाडी उभी होती, कालची माळ अजून सुकलेली नव्हती. मला सांगायला बरंच काही होतं. मागणी कुणाच्या नावाने मान्य होते याला महत्त्व असतं. चोरून दिलेला माणूस चोरून काढूनही घेता येतो. एका गल्लीचं भलं झालं की बाकीच्या गल्ल्यांचे ड्रायव्हर आपापला देव शोधत बसतात. यातलं प्रत्येक वाक्य मला आजही खरं वाटतं, आणि तेव्हा ते सगळं माझ्या जिभेवर होतं. दुपार होत आली होती. गल्लीत खाटा बाहेर निघाल्या असणार.

"चालेल," मी म्हटलं.

त्यांनी खाली फोन केला. मी गाडीपाशी गेलो तेव्हा एक हमाल हातातली खोकी टाकून आला होता. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल. गाडीमागे तो कधी उभा राहिलेला नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं.

"कुठं उभं राहायचं?" त्याने विचारलं.

"मला आरशात दिसशील असं. तू दिसेनासा झालास की मी थांबणार."

"आन् तुमी नाय थांबला तर?"

मी त्याला पत्र्याशी नेलं आणि थाप कशी मारायची ते दाखवायला सुरुवात केली.